अर्धं नाव

ग्योतोकु, रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

सारंग,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग कागदच बदलला. आशीर्वाद लिहायला मी मोठी आहेच, पण तू तो घेशील की नाही हे माहीत नसताना लिहिणं खोटं वाटलं. कागदावर लिहिते आहे कारण तू फोन उचलत नाहीस, आणि मेसेज केला तर तू तो वाचलास का हे मी दर दहा मिनिटांनी बघत बसेन. कागदाला त्या निळ्या खुणा नसतात.

काल तू डीपी बदललास. बाळ सहा महिन्यांचं झालं. फोटोत ते सूजिनच्या वडिलांच्या मांडीवर आहे. मी फोटो मोठा करून बघितला, आणि खरं लिहायचं तर बराच वेळ बघितला. मागे नागोयातल्या तुमच्या घरातला फ्रिज दिसतो. फ्रिजवर मी एप्रिलमध्ये कुरिअरनं पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा आहे. त्याची सुतळी सोडलेली नाही. फोटो जुना असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मग सहा महिन्यांत तुला दुसरा फोटो मिळाला नाही का?

सूजिननं बाळंतपणात कोरियन रीतीनं समुद्री शेवाळाचं सूप प्यायलं, हे मला माहीत आहे, कारण तूच तेव्हा कौतुकानं लिहिलं होतंस. ते सूप आबोनिमनी केलं, असंही लिहिलं होतंस. बायकोच्या वडिलांना तसं म्हणतात, म्हणजे बाबाच, हेही तूच सांगितलंस. आपले बाबा गेल्यावर हा शब्द तू पुन्हा कुणाला म्हणशील असं मला वाटलं नव्हतं. त्या एका मेसेजमध्ये तो पाच वेळा आहे. मी मोजले, हे लिहायला लाज वाटते, पण मोजले.

मला एवढंच म्हणायचं आहे. दातारांच्या घरात मुलगा झाला आणि त्याचं नाव कोरियातल्या देगूच्या एका निवृत्त मास्तरांनी ठेवलं. मी त्याची एकुलती एक आत्या. आपल्याकडे नाव आत्या ठेवते. पाळण्याजवळ वाकून कानात कुर्र करते आणि नाव सांगते, तोवर आईबापांनीही ते तोंडातून काढायचं नसतं. माझ्या मितालीच्या वेळी मला सुप्रभा ठेवायचं होतं, आपल्या आजीचं. स्वरूपावन्सं ठाण्याहून आल्या, कुणाला न विचारता वाकल्या आणि मिताली म्हणाल्या. मी हसून पेढा खाल्ला. नंतर आत जाऊन रडले तेव्हा आईच म्हणाली, हक्क असतो बाई त्यांचा, तुझीही वेळ येईल. पंधरा वर्षं मी त्या वेळेची वाट बघत होते. तुझ्या लग्नाच्याही आधीपासून माझ्याकडे मुलाचं नाव तयार होतं, पुष्कर.

आणि मला कुणी विचारलं नाही. आईनं मेमधलं तिकीट रद्द केलं, नातवाला न बघता ती पुण्यात बसून आहे. तिला किती लागलं असेल याचा विचार कर.

जेह्वान. आज पहिल्यांदा लिहिलं. डायरीत मी अजून 'सा.चा मुलगा' असंच लिहिते.

ताई


ग्योतोकु, रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

सारंग,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज खाली पेटीपाशी जाऊन येते. श्रीहरी नवरेपणानं म्हणाला, 'जिना चढउतार होतोय, तेवढं बरंच आहे.'

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर चोंग-सान नावाचे गृहस्थ बसतात. सोलचे आहेत, वीस वर्षं इथे जपानमध्ये. गेल्या बुधवारी डबा खाताना मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की जेह्वान या नावाचा अर्थ काय. (सहज नव्हतं. सकाळपासून वाक्य जुळवत होते.) ते म्हणाले, कुठल्या चिनी अक्षरांनी लिहिलंय त्यावर आहे. एकाच उच्चाराची डझनभर अक्षरं असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. तू मला एप्रिलमध्ये पाठवलेल्या जन्मनोंदणीच्या फॉर्मच्या फोटोवरून मी हातावर पेनानं काढून दाखवलं. पहिलं, जे, म्हणजे असणं, हजर असणं. दुसरं, ह्वान, म्हणजे उजळणं, झळकणं. त्याच्या डाव्या अंगाला आगीची खूण आहे.

त्या खुणेवर बोट ठेवून ते म्हणाले, हे घराण्याचं अक्षर दिसतंय. जुन्या घरांमधून मुलग्यांच्या नावातलं एक अक्षर आधीच ठरलेलं असतं. एका पिढीतल्या सगळ्या भावांना, चुलतभावांना तेच. ते वंशावळीच्या पुस्तकात लिहून ठेवलेलं असतं, पुढच्या कितीतरी पिढ्यांचं. एका पिढीच्या अक्षरात पाणी, तिच्या मुलांच्या अक्षरात लाकूड, त्यांच्या मुलांच्या अक्षरात आग, मग माती, मग धातू, आणि पुन्हा पाणी. पाण्यावर झाड वाढतं, झाडावर आग पेटते, असा तो क्रम. 'माझं अर्धं नाव माझ्या वडिलांचं लग्न व्हायच्या आधीपासून ठरलेलं होतं,' ते म्हणाले. 'आईबाप फक्त उरलेलं अर्धं शोधतात.'

मला काय वाटलं सांगू? हेवा. तुझ्या मुलाला जन्मतःच एवढी मोठी रांग मिळाली, आणि त्या रांगेत आपण कुणीच नाही.

मग चोंग-साननी विचारलं, आजोबा वडिलांचे वडील का आईचे? मी म्हटलं, आईचे. त्यांच्या जेवणाच्या काड्या हातातच राहिल्या. ते म्हणाले, 'मुलीच्या मुलाला हे अक्षर देत नाहीत. मुलींनाही बहुतेक देत नाहीत. त्यांच्या भाऊबंदांनी हसून घेतलं असेल.' सूजिनच्या नावात लाकूड नाही, हे मी घरी येऊन तपासलं. तिला भाऊ नाही, हे तर मला माहीतच होतं. म्हणजे त्या माणसाच्या घरात आगीचं अक्षर घ्यायला कुणी येणारच नव्हतं, आणि त्यानं ते, नियम मोडून, तुझ्या मुलाला दिलं.

हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. या प्रकरणात मन दुखावून घेण्याचा हक्क फक्त माझा आहे असं मी धरून चालले होते.

एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला कुणी विचारलं नाही. डायरी काढून बघितली. तू फेब्रुवारीत फोनवर म्हणाला होतास, ताई, नावाचं डोक्यात असू दे. मी म्हटलं होतं, सूजिनच्या आईवडिलांनी एकदा रीतसर मला फोन करू दे, मग बघू. मला वाटत होतं, मान म्हणून त्यांनी विचारावं. त्यांना मराठी येत नाही, मला कोरियन येत नाही, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. बाळ झाल्यावरचे तुझे मेसेज मी गडबडीत वाचले नव्हते, तेव्हा आमच्या ऑफिसचं वर्ष बदलत होतं.

ताई


ग्योतोकु, सोमवार, १३ जानेवारी २०२५

सारंग,

तुला हे माहीत नसेल, म्हणून आधी सांगते. सूजिननं मला पाकीट पाठवलं. तिच्यावर चिडू नकोस.

पाकिटात एक जाड, पिवळसर कागद होता, आणि इंग्रजीत चार ओळी. ती लिहिते की हा कागद वडिलांनी दवाखान्यातच लिहिला होता आणि तो तुमच्यासाठी होता. पहिला चौकोन त्यांनी अजून भरलेला नाही. सारंगनं ते अक्षर महापालिकेच्या फॉर्मवर भरलं, या कागदावर नाही. ३ एप्रिलला पहिला वाढदिवस आहे, आमच्याकडे तो मोठा करतात, आईवडील देगूहून येतील. तुम्ही आलात तर वडिलांना बरं वाटेल. सारंगला मी विचारलेलं नाही.

कागदावर पेन्सिलीनं आखलेले दोन चौकोन आहेत. दुसऱ्यात ब्रशनं काढलेलं ह्वान आहे. अक्षर चांगलं आहे, हे मान्य करावं लागलं. पहिला रिकामा आहे.

मिताली शाळेतून आली आणि टेबलावर तो कागद बघून म्हणाली, 'किरेइ.' सुंदर आहे, म्हणते. हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, मग बाकीचं का नाही लिहिलं? मी तिला आधी हातपाय धू म्हणाले.

आता बारशाबद्दल. तू फोटोच बघितलेस, आणि ग्रुप सोडून गेलास. जाताना 'ताई, आता बस' एवढंच लिहिलंस. नक्की काय झालं ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार. तुमचा फॉर्म देऊन अकरा दिवस झाले होते. मी इथल्या मराठी मंडळातल्या सहा जणींना बोलावलं, पाच आल्या. घुगऱ्या केल्या, सुंठवडा केला. त्यांच्यातल्या अनघाच्या मुलीचा पाळणा मागून आणला आणि झेंडूऐवजी कागदी फुलं लावली. पाळण्यात आधी वरवंटा ठेवायचा असतोच, बाळाआधी त्याला झोका देतात. माझ्याकडे वरवंटा नव्हता म्हणून तीळ कुटायचा लाकडी दांडका दुपट्यात गुंडाळला. पुढची पायरी तेवढी गाळली. बाळ नागोयात होतं.

अनघा मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, विभा, व्हिडिओ कॉल तरी लाव. मी म्हटलं, नेटवर्क नाही. मग बाहेर येऊन पाळण्यावर वाकले आणि दुपट्याच्या तोंडाशी कुर्र करून म्हटलं, पुष्कर. मग एकीनं पाळण्याचं गाणं सुरू केलं, कारण काहीतरी करायला हवंच होतं. मिताली दारात उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, 'मामा, कोवाइ.' मामा म्हणजे मीच, जपानी मुलं आईला म्हणतात तशी तीही म्हणते. तिला माझी भीती वाटली. फोटो मी त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'आमच्या पुष्करचं बारसं.'

तेव्हा मला ते योग्यच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशीही वाटत होतं. केव्हापासून वाटेनासं झालं ते डायरीत सापडत नाही.

सूजिनला अजून उत्तर दिलेलं नाही.

ताई


ग्योतोकु, रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

सारंग,

हे पत्र चार वेळा लिहून झालं. प्रत्येक वेळी पहिल्या पानाच्या शेवटी मी स्वतःची बाजू घ्यायला लागायचे. म्हणून आता आधी मुद्दा लिहिते.

तुझे मेसेज मी गडबडीत वाचले नव्हते हे खोटं आहे. १४ एप्रिलला, बाळाच्या बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझा मेसेज आला आणि मी तो लगेच वाचला. वरच्या पट्टीतून वाचला, म्हणजे तुला खूण दिसू नये. तू लिहिलं होतंस:

'ताई, आबोनिम म्हणतात, तुमच्याकडे आत्याचा मान असतो असं सारंग सांगतो, तर दुसरं अक्षर आमचं, पहिलं त्यांचं. सहा अक्षरं अर्थासकट खाली देतोय, किंवा तू दुसरं कुठलंही सांग. मंगळवारी फॉर्म द्यायची शेवटची तारीख. प्लीज ताई.'

खाली त्या कागदाचा फोटो होता. पहिला चौकोन रिकामा.

त्या दिवसाची डायरीतली नोंद एका ओळीची आहे. 'अर्धं नाव मला नको.'

सोमवारी तू दोनदा विचारलंस. मंगळवारी सकाळी फोन केलास, तेव्हा मी ऑफिसला जायला निघाले होते, स्टेशनवर. फोन हातात होता, वाजताना दिसत होता. मी तो बंद होईपर्यंत बघितला. मला वाटत होतं, तू फॉर्म द्यायचा थांबशील. काहीतरी करून मुदत वाढवशील, सूजिनशी भांडशील, मास्तरांना सांगशील की ताई रागावली आहे, सगळं नाव तिलाच ठेवू द्या. तू निवडावंस असं मला हवं होतं. दुपारी फॉर्मच्या फोटोसकट तुझा मेसेज आला, 'जे' भरलं. असणं. तुझ्या मनात टोमणा होता असं मी आजवर धरून चालले. आता विचार करते तर वाटतं, दोन आठवडे जागरण झालेल्या बापाला, मुलगा आहे, समोर आहे, एवढंच म्हणायचं असेल. तसंच आहे का, ते तू कधीतरी सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

त्याच संध्याकाळी मी आईला फोन केला. म्हटलं, त्यांनी परस्पर नाव ठेवलं, मला विचारलंसुद्धा नाही. आई म्हणाली, असं कसं, सारंग तर असा नाही. मी म्हटलं, तो तिकडचा झालाय. आठ दिवसांत तिनं तिकीट रद्द केलं. तिला तुझ्यावर चिडू दिलं मी. दर रविवारी ती त्या माणसांबद्दल काहीबाही बोलते आणि मी ऐकते. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, तिला किती लागलं असेल याचा विचार कर. ते वाक्य आता वाचवत नाही.

मास्तरांनी स्वतःच्या घराण्याचा नियम मोडला आणि वर अर्धी जागा माझ्यासाठी ठेवली. मी त्यांना कधी भेटलेले नाही. तरी अजूनही त्यांच्या मांडीवरचं बाळ बघितलं की माझं जळणं सुरू होतं. ते गेलेलं नाही. गेलं असं लिहिलं तर या पत्रातही खोटं येईल.

कागद सोबत परत पाठवते आहे. मी त्यावर काही लिहिलेलं नाही, पेन्सिलीनंसुद्धा नाही. पहिलं अक्षर तू दिलंस. तेच त्यांना ब्रशनं भरायला सांग.

सूजिनला कळवलं आहे की तू म्हटल्याशिवाय मी एप्रिलमध्ये येणार नाही.

विभा


ग्योतोकु, शनिवार, २२ मार्च २०२५

सारंग,

तू अजून म्हटलेलं नाहीस. हे पत्र त्यासाठी नाही.

फक्त तुला लिहून भागत नव्हतं. फोटो मी सगळ्यांसमोर टाकले होते, आणि तू तिथे नाहीस म्हणून मी तिथे सुखात होते. आज सकाळी घरच्या ग्रुपवर लिहिलं: 'गेल्या वर्षी सारंगच्या मुलाच्या नावासाठी मला विचारलं होतं. तीन वेळा विचारलं. अर्धं नाव माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही आणि सगळ्यांना विचारलं नाही असं सांगितलं. बाळाचं नाव जेह्वान आहे.' पाठवल्यावर लगेच वाटलं, 'मुद्दाम' काढावं. काढलं नाही.

सरिता काकूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकी कुणीच काही नाही. ग्रुपमध्ये चाळीस माणसं आहेत.

सात मिनिटांनी आईचा फोन आला.

'हे तू लिहिलंस?'

'हो.'

पलीकडे कुणीतरी दुधाचं भांडं आपटल्याचा आवाज आला, बहुधा तिनंच.

'मी त्या माणसांना वर्षभर काय काय बोलले.'

'हो.'

'आणि तू ऐकत होतीस.'

'हो, आई.'

मग तिनं विचारलं, त्या सहा अक्षरांपैकी तू कुठलं दिलं असतंस? मी म्हटलं, मी यादी वाचलीच नव्हती. अर्धं एवढाच शब्द वाचला आणि फोन पालथा ठेवला. आई म्हणाली, 'वाचायचीस तरी.' ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग तिनं नाव विचारलं. वर्षभर ती 'तो मुलगा' म्हणत आली, मी तिला दुसरं काही म्हणूच दिलं नव्हतं. मी म्हटलं, जेह्वान. ती जवान म्हणाली. मग जेवान. मी तोडून सांगितलं, जे, आणि मग ह्वान, ह आणि व एकदम. तिनं विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, असणं आणि उजळणं, दुसरं त्यांच्या घराण्याचं. ती म्हणाली, थांब, लिहून घेते, चष्मा कुठे ठेवलाय. ती चष्मा शोधत असताना मी फोन कानाला लावून उभी होते. मग तिनं एक एक अक्षर जोडून म्हटलं आणि ते बरोबर होतं. मी तिला सांगितलं, बरोबर आहे. तरी तिनं पुन्हा म्हणून बघितलं.

पत्र पोचेपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून याचा फोटोही तुला पाठवते आहे. वाचलास तर मला कळेल, आणि मी बघणार आहे.

आई आज दुपारी तुला फोन करणार आहे, इथल्या वेळेनं चार वाजता. माझ्याबद्दल बोलायला नाही. तिला त्याला हाक मारायची आहे. उचल.

विभा